ॲल्युमिनियमचे आर्म आणि मजबुतीचा गैरसमज

रिमोट कंट्रोल कारचे प्लॅस्टिकचे सस्पेन्शन आर्म (चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे) काढून ॲल्युमिनियमचे बसवले की गाडी मोडत नाही, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज अर्धाच खरा आहे. मूळ आर्म बहुधा नायलॉनसारख्या चिवट प्लॅस्टिकचे असतात आणि धडकेत लवून पुन्हा पूर्ववत होतात; ॲल्युमिनियम मात्र एकदा वाकले की वाकलेलेच राहते, किंवा स्वतः न वाकता सगळा हादरा बल्कहेडकडे, म्हणजे आर्म ज्याला जोडलेले असतात त्या सांगाड्यावरच्या भागाकडे, ढकलते, आणि तो भाग बदलणे अधिक किचकट. किंचित वाकलेला आर्म नजरेला दिसतही नाही. तो ओळखायला शॉक (धक्के शोषणारा स्प्रिंगचा भाग) सोडवून आर्म उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सहज खाली आला नाही, तर आर्म किंवा हिंज पिन (आर्म जिच्यावर फिरतो ती सळई) वाकल्याची शंका घ्यावी. मोटर माउंट (मोटर ज्यावर बसवतात तो भाग) मात्र धातूचेच बरे, कारण ते मोटरची उष्णताही ओढून घेते.