जुनी इंग्लिश कविता मोबाइलवर आली कशी, त्यामागची पार्श्वभूमी

चौदाव्या शतकातला इंग्लिश कवी चॉसर, बेओवुल्फ आणि सर गवेन या जुन्या इंग्लिश काव्यकथा, हे सगळं आज मोबाइलवर फुकट वाचता येतं, तेही मूळ हस्तलिखिताच्या फोटोंसकट. एमए इंग्लिशला चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या कथाकाव्याचा प्रोलॉग ज्यांनी नुसत्या गाइडवर काढला असेल त्यांना याचं मोल लगेच कळेल. पण ही गोष्ट इंटरनेटच्या खूप आधी सुरू होते, एका आगीपासून.

२३ ऑक्टोबर १७३१ ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसला आग लागली. सर रॉबर्ट कॉटन यांनी जमवलेली हस्तलिखितं तेव्हा तिथे ठेवलेली होती, लोकांनी खिडकीतून पुस्तकं बाहेर फेकून जमेल तेवढी वाचवली. बेओवुल्फची जगात एकच जुनी प्रत आहे, साधारण सन १००० च्या आसपासची, ती याच संग्रहातली, आणि सर गवेनचीही एकच प्रत, तीपण इथलीच. दोन्ही आगीतून वाचल्या. ९९१ च्या लढाईवरची 'बॅटल ऑफ माल्डन' ही कविता मात्र जळाली, तरी आज ती आपल्याला वाचता येते, कारण आगीच्या आधी ती हाताने उतरवून घेतलेली होती आणि १७२६ मध्ये छापूनही झाली होती. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचा कणा हाच आहे, कुणीतरी वेळेवर नक्कल करून ठेवली म्हणून कविता उरली.

बेओवुल्फ आगीतून वाचलं खरं, पण पानांच्या कडा करपल्या होत्या आणि हाताळताना त्यांचे तुकडे पडत राहिले. १७८० च्या दशकात थॉर्केलिन नावाचा आइसलँडचा अभ्यासक लंडनला आला, त्याने एक नक्कल लेखनिकाकडून करून घेतली आणि दुसरी स्वतः केली, मग १८०७ मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या त्यात त्याचं घर जळालं, छापायला तयार केलेलं काम गेलं, पण या दोन नकला राहिल्या आणि त्याने पुन्हा मेहनत करून १८१५ मध्ये पुस्तक काढलंच. मूळ पानांवरून गळून गेलेली जवळजवळ २००० अक्षरं आज फक्त त्या नकलांमुळे माहीत आहेत.

पुढे १८४५ मध्ये पानं आणखी झडू नयेत म्हणून प्रत्येक पान कागदी चौकटीत बसवलं. त्यामुळे पानं टिकली, पण पानाच्या मागच्या बाजूला चौकटीच्या पट्टीखाली काठावरची अक्षरं झाकली गेली. १९९० च्या दशकात केंटकी विद्यापीठाचे केविन कियरनन आणि ही प्रत आता जिच्याकडे आहे ती ब्रिटिश लायब्ररी यांनी पानामागून फायबर ऑप्टिकचा उजेड टाकून फोटो काढले आणि झाकलेली अक्षरं दिसायला लागली! ते काम आधी सीडीवर आलं, आता वेबसाइटवर सगळ्यांना खुलं आहे.

दुसरा मोठा धागा व्हिक्टोरियन काळातला. फ्रेडरिक फर्निव्हल या अभ्यासकांनी १८६४ मध्ये जुने इंग्लिश ग्रंथ छापणारी अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी काढली, वर्षाला एक गिनी (पौंडाहून थोडी जास्त रक्कम) वर्गणी, आणि उद्देश अगदी व्यवहारी होता, पुढे ज्याची ऑक्सफर्ड डिक्शनरी झाली तिच्यासाठी जुन्या शब्दांची उदाहरणं हवी होती आणि जुने ग्रंथ छापलेलेच नव्हते. ते जुने खंड आता कॉपीराइटमधून सुटलेत, म्हणून इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर त्यांचे ढिगाने स्कॅन मिळतात.

टायपिंगचाही त्रास होताच. जुन्या इंग्लिशमधलं 'थॉर्न' (þ) हे अक्षर आइसलँडिक भाषेत अजून चालतं म्हणून कॉम्प्युटरवर लवकर आलं, पण मधल्या काळातल्या, म्हणजे चॉसरच्या वेळच्या 'मिडल इंग्लिश'मधलं 'योघ' (ȝ) हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या सामाईक संगणकी यादीत, आलं थेट १९९९ ला. युनिकोडच्या आधी मराठी टाइप केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

वाचायला मदत करणारी दोन मोठी कामं अमेरिकेतली. मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश शब्दकोश, १९३० पासून तिथे काम चाललं ते २००१ मध्ये संपलं, आणि आज तो ऑनलाइन फुकट आहे. दुसरं रॉचेस्टर विद्यापीठाचं, रसेल पेक यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मिडल इंग्लिश ग्रंथांची मालिका, कठीण शब्दांचे अर्थ तिथेच बाजूला दिलेले. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण सारखं कोशात जाऊन येताना कवितेची लयच हातची जाते.

आणि मग ऑक्टोबर २०२३. ब्रिटिश लायब्ररीने आपल्याकडची चॉसरची सगळी हस्तलिखितं स्कॅन झाली असं जाहीर केलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी मोठा सायबर हल्ला होऊन हस्तलिखितांची साइटच बंद पडली. कितीतरी महिने काही दिसत नव्हतं, नंतर एकेक करून हस्तलिखितं परत यायला लागली. पण कँटरबरी टेल्सच्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन प्रती लंडनमध्ये नाहीतच, हेंगवर्ट वेल्सच्या नॅशनल लायब्ररीत आहे आणि एल्समिअर कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत, दोघांचे स्कॅन त्यांच्या त्यांच्या साइटवर, त्यामुळे चॉसर वाचणाऱ्यांचं वाचन तेव्हाही अडलं नाही.