सॅम्युएल चेस आणि सॅल्मन चेस : महाभियोगातला चेस नेमका कोणता?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाबद्दल वाचताना ‘न्यायमूर्ती एस. चेस’ आणि ‘महाभियोग’ हे शब्द जवळजवळ दिसले की गल्लत होते. दोघेही वकील, दोघेही राजकारणातून न्यायासनावर गेलेले, आणि दोघांच्याही नावाचं आद्याक्षर एकच. फरक असा, की सॅम्युएल चेस महाभियोगात आरोपी होते, तर सॅल्मन चेस त्यानंतर चौसष्ट वर्षांनी झालेल्या महाभियोगात अध्यक्षस्थानी होते.

सॅम्युएल मेरीलँडचे. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. न्यायाधीश असूनही ते उघड पक्षपात करतात, असा आरोप ठेवून प्रतिनिधिगृहाने १८०४ मध्ये त्यांच्यावर महाभियोग आणला. दोषी ठरवायला सेनेटमध्ये २३ मतं हवी होती. एकाही आरोपावर १९च्या पुढे मतं गेली नाहीत. १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पदावर राहिले.

सॅल्मन यांचा जन्म १८०८चा, न्यू हॅम्पशायरमधला. वकिली मात्र ओहायोतल्या सिनसिनाटीत. मला हा माणूस मोठा वाटतो तो तिथल्या कामामुळे. गुलामगिरीतून पळालेल्यांचे आणि त्यांना आसरा देणाऱ्यांचे खटले ते लढत. व्हॅन झँट नावाच्या शेतकऱ्याने १८४२ मध्ये नऊ पळालेल्या गुलामांना आपल्या गाडीतून नेलं, म्हणून त्याच्यावर दावा झाला. गुलामगिरी ही त्या त्या राज्याच्या कायद्यापुरतीच. त्या हद्दीबाहेर माणूस स्वतंत्र, असं चेस यांचं म्हणणं. १८४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पण ज्या न्यायालयाने त्यांना हरवलं, त्याचेच ते १८६४ मध्ये सरन्यायाधीश झाले, आणि १८६५च्या फेब्रुवारीत तिथे जॉन रॉक या पहिल्या कृष्णवर्णीय वकिलाला सनद मिळाली.

मधल्या काळात ते सेनेटर, ओहायोचे गव्हर्नर आणि लिंकन यांचे अर्थमंत्री होते. यादवी युद्धाच्या खर्चासाठी ‘ग्रीनबॅक’ या कागदी नोटा त्यांच्याच कारकिर्दीत निघाल्या. पुढे १८७० मध्ये सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच निकाल दिला, की जुन्या कर्जांची परतफेड या नोटांत घ्यायला लावणं घटनेला धरून नाही. आपल्याच कारभाराविरुद्ध निकाल द्यायला धैर्य लागतं. १८७१ मध्ये न्यायालयाने तो फिरवला. चेस यांनी विरोधी मत नोंदवलं.

आणि त्यांचा महाभियोग? तो १८६८चा, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा. राष्ट्राध्यक्षावर महाभियोग असेल तर सेनेटमध्ये अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश बसतो, असं घटनाच सांगते. हे काम न्यायालयासारखं, पुराव्याच्या नियमांनी चालावं, असा चेस यांचा आग्रह होता. मतं पडली ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवायला ३६ हवी होती. जॉन्सन एका मताने वाचले.

चेस बँकेतलं ‘चेस’ म्हणजेही सॅल्मनच. ती निघाली १८७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. संस्थापकाने त्यांच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलं.