फर्माला चकवणारी ४२९४९६७२९७

शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, गणितात नाही. ‘पाच उदाहरणं तपासली, पाचही जमली, म्हणजे नियमच’ अशा थाटाचे गणिती चमत्कार मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: ४२९४९६७२९७.

फ्रान्सचा पिएर द फर्मा पेशाने कायदेपंडित. १६४० च्या सुमारास तो एका मालिकेच्या प्रेमात पडला. २ चे १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! पुढच्याही तशाच असणार, असं त्याने धरलं. सिद्धता मात्र हाती लागली नाही. सहावी म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, अर्थात आपली ही ४२९ कोटींची संख्या. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने दाखवलं, की तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो. भागाकार ६७००४१७.

भागाकार न करताही हे दिसतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ५ × २⁷, म्हणजे ६४०, ६४१ ला एकाने कमी पडतो; ६४१ ने भागलं, तर बाकी उणे १ धरता येते. दोन्हींचा चौथा घात करा: ५⁴ × २²⁸ ची बाकी १. आता ६४१ कडे दुसऱ्या बाजूने पाहा: ६२५ + १६, म्हणजे ५⁴ + २⁴. तेव्हा ६४१ च्या हिशेबात ५⁴ च्या जागी उणे २⁴ चालतो. तो घातला, की उणे २³² ची बाकी १. म्हणजेच २³² + १ ची बाकी शून्य. झालं!

ही संख्या तोतयाही आहे. फर्माचीच प्रसिद्ध मूळ-संख्या-कसोटी अशी: संख्या मूळ असेल, तर तिच्याहून १ ने कमी इतका पायाचा घात घेऊन तिनेच भागल्यावर बाकी १ उरते (पायाला ती भागत नसेल तर). २ हा पाया घेऊन ही कसोटी लावली, तर आपली संख्या बिनदिक्कत उत्तीर्ण होते: तिने भागल्यावर २³² ची बाकी उणे १, म्हणून २⁶⁴ ची १, आणि संख्येतून १ वजा केल्यावर उरणाऱ्या २³² ला ६४ ने भाग जातो. ३ हा पाया घेतला, की मात्र सोंग उघडं पडतं. शिवाय ती दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला हे एकाहून अधिक प्रकारे कधीच जमत नाही.

अंकशास्त्रवाले हिच्या अंकांची बेरीज ५९, मग १४, मग ५ करून बुधाकडे पोचतील. पोचोत बापडे, ६४१ त्यांना त्या वाटेवर भेटणार नाही.

फर्माच्या त्या पाचांनंतर या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. २ चा घात २³² होईपर्यंतच्या इतर सगळ्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेल्या, ठरल्या आहेत. त्यांतही २ च्या २²⁰ व्या घाताची गोष्ट अजब: त्यात १ मिळवून येणारी संख्या संयुक्त आहे हे पक्कं, पण तिचा एकही अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.