अश्मंत दीर्घिकासमूहाचे हौशी निरीक्षण

अश्मंत ऊर्फ फोर्नॅक्स या दक्षिणेकडील मंद तारकासमूहातला, सु. ६ कोटी प्रकाशवर्षे दूरचा दीर्घिकांचा (गॅलक्सींचा) समूह. क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) सु. −३५·५° असल्याने पुण्याहून तो जास्तीत जास्त ३६° उंचीवर येतो. डिसेंबरअखेरीस तो या उंचीवर रात्री साडेनऊच्या आसपास येतो.

या समूहातील दीर्घिकांच्या शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. जेम्स डनलॉप यांनी ऑस्ट्रेलियातील पॅरामाटा येथून केलेल्या निरीक्षणांची ६२९ नोंदींची यादी १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेतील केप येथे जॉन हर्शेल यांना त्यांपैकी सु. एक तृतीयांशच सापडल्या, त्यामुळे ती दीर्घकाळ अविश्वसनीय ठरली. मात्र कित्येक नोंदींत वस्तू खरी, स्थान तेवढे चुकलेले होते. म्हणून एनजीसी (दीर्घिका, तेजोमेघ व तारकागुच्छांची प्रमाण यादी) १३१६ व १३६५ या दीर्घिकांचे श्रेय डनलॉप यांना (१८२६) देणेच अधिक सयुक्तिक वाटते. एनजीसी १३९९ हर्शेल यांनी १८३५ मध्ये नोंदली.

याद्यांमध्ये दिलेली प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका मोठा तितकी वस्तू मंद) फसवी असते. एनजीसी १३६५ ची प्रत सु. ९·५, पण तो प्रकाश ११′ × ६′ (′ म्हणजे कला, अंशाचा साठावा भाग) क्षेत्रावर पसरल्याने दर चौरस कलेमागे प्रत १३·८ च्या आसपास पडते. याच तारकासमूहातली अश्मंत बटु दीर्घिका इतकी विरळ की ती १९३८ मध्ये हार्लो शॅप्ली यांच्या छायाचित्रण-पाहणीतच सापडली. तिच्यातला एनजीसी १०४९ हा गोलाकार तारकागुच्छ मात्र हर्शेल यांनी १०३ वर्षे आधीच टिपला होता.

२०० मिमी. एफ/६ परावर्ती दुर्बिणीने खाई (χ) अश्मंत या तीन ताऱ्यांच्या त्रिकोणापासून सुरुवात करावी. २५ मिमी. नेत्रिका लावून पूर्वेकडे सु. १·३° सरकल्यास एनजीसी १३६५ मिळते. तिथून ईशान्येस सु. १·२° वर एनजीसी १३९९ आणि तिच्या शेजारी, १०′ वर, १४०४. मग १२ मिमी. नेत्रिका (१००×) लावावी: पार्श्वभूमी काळवंडते आणि गाभा उठून दिसतो. १३६५ चा मधला दंड काळोख्या आकाशात या दुर्बिणीतून जाणवतो; बाहू नीट दिसायला सहसा ३०० मिमी. लागते.

अंधाराला डोळे सरावण्यास ३० ते ४० मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा पाहिला तरी ती फुकट जातात. थेट रोखून न पाहता उजव्या डोळ्याने वस्तूच्या उजवीकडे, डाव्याने डावीकडे पाहावे; उलट केल्यास प्रतिमा अंधबिंदूवर (डोळ्यातील प्रकाश न जाणवणाऱ्या जागेवर) पडून नाहीशी होऊ शकते. नळीला हलकी टिचकी मारली की अस्पष्ट डाग हलतो आणि चटकन लक्षात येतो. ऑक्सिजन-३ सारख्या तेजोमेघांच्या गाळण्या इथे निरुपयोगी, कारण दीर्घिकांचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, अखंड वर्णपटाचा असतो. हिवाळ्यात दव आधी नेत्रिकेवर, मग दुय्यम आरशावर धरते. दीर्घिका हळूहळू पुसट होऊ लागल्या तर आकाशाला दोष देण्याआधी आरसा तपासावा.