मिसूरी राज्यातील नामवंत व्यक्ती

मिसूरी हे अमेरिकेच्या मध्यभागातील, १८२१ मध्ये संघराज्यात सामील झालेले २४ वे राज्य. येथील नामवंतांची गणना करताना जन्मस्थान धरावे की कर्मभूमी, याविषयी एकवाक्यता नाही. जेफरसन सिटी येथील विधानभवनात मान्यवरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत शिकागोत जन्मलेले वॉल्ट डिस्ने आणि टेक्सासकडून आलेले रॅगटाइम संगीतकार स्कॉट जॉप्लिन यांचाही समावेश आहे. प्रस्तुत नोंदीत जन्म मिसूरीतला असलेल्यांनाच प्राधान्य दिले आहे.

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे कार्य मराठी वाचकांना सुपरिचित आहे. वाद आहे तो जन्मवर्षाचा. डायमंड या गावाजवळ मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर, मेरी या गुलाम स्त्रीच्या पोटी त्यांचा जन्म झाला. गुलामांच्या जन्माची सरकारी नोंद होत नसल्याने १८६० ते १८६५ अशी निरनिराळी वर्षे आढळतात. स्वतः कार्व्हर यांनी आपला जन्म अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (संघराज्य विरुद्ध त्यातून फुटलेली दक्षिणेकडील राज्ये) अखेरीचा असल्याचे लिहिले आहे. युद्ध संपले एप्रिल १८६५ मध्ये. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची १८६३ ची गुलाममुक्तीची घोषणा बंडखोर प्रदेशापुरती होती. मिसूरी संघराज्यातच राहिल्याने ती तेथे लागू नव्हती. राज्याने स्वतः गुलामगिरी रद्द केली ती ११ जानेवारी १८६५ रोजी. त्यामुळे जन्म या तारखेआधीचा असेल तरच कार्व्हर कायद्याने जन्मतः गुलाम ठरतात. तान्हेपणी हल्लेखोरांनी त्यांना आईसह पळवून नेले. मूल परत मिळाले, मेरी मात्र कायमची हरवली. अशा धाडी युद्धकाळातच बोकाळल्या होत्या, हे पाहता १८६४ च्या सुमाराचा जन्म अधिक संभवनीय वाटतो.

कवी लँग्स्टन ह्यूज (जन्म जॉप्लिन) यांच्याबाबतीतही असाच पेच आहे. १ फेब्रुवारी १९०२ ही तारीख दीर्घकाळ रूढ होती. परंतु १९०१ मधील वृत्तपत्रांत त्यांचा बालक म्हणून उल्लेख सापडल्याने आता १९०१ हे वर्ष अधिक ग्राह्य ठरते.

मार्क ट्वेन (१८३५–१९१०) यांचा जन्म फ्लोरिडा या खेड्यातला, बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबलचे. त्यांच्या कादंबऱ्यांतील नदी व गाव तेथलेच. कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या व्याख्यान-दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस आले होते. कवी टी. एस. एलियट (१८८८–१९६५) सेंट लुइसचे. १९२७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले.

३३ वे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन (१८८४–१९७२) लमार येथे जन्मले व इंडिपेंडन्स येथे वाढले. पहिल्या महायुद्धातील सेनानी जॉन पर्शिंग व खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल हेही मिसूरीचेच. मात्र हबल यांचे संशोधन कॅलिफोर्नियात झाले.

नर्तकी जोसेफिन बेकर (१९०६–७५) यांचा उल्लेख फ्रान्सच्या नोंदीपुरता ठेवणे योग्य नाही. सेंट लुइसच्या दारिद्र्यातून व वर्णभेदातून बाहेर पडून त्या पॅरिसमध्ये कीर्तीस पोहोचल्या, १९३७ मध्ये फ्रेंच नागरिक झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मन ताब्याविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम केले. १९५२ मध्ये सेंट लुइसला परतून केलेल्या भाषणात त्यांनी १९१७ च्या वर्णद्वेषी दंगलीची भीषण आठवण सांगितली. ती दंगल नदीपलीकडच्या, इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुइस येथे झाली होती.