पिटाच्या खिशात मटण आलं कुठून?

घरी पिटात, म्हणजे मध्यपूर्वेतल्या पोकळ रोटीत, कोकराचं मटण भरायचं म्हटलं की शवर्माच्या दुकानातली, मांसाचे काप रचलेली ती फिरती उभी सळई आठवते. ती तशी अलीकडची. ऑटोमन तुर्कस्तानात १९व्या शतकात रुळलेली. बुर्साच्या इस्कंदर एफेंदींना तिचं श्रेय देतात आणि साल सांगतात १८६७. पण जेम्स रॉबर्टसन यांनी १८५५च्या सुमारास काढलेल्या छायाचित्रात ती आधीच उभी आहे. आडव्या सळईवरची चरबी निखाऱ्यात गळून वाया जाते, उभीवर ती मांसावरूनच ओघळत खाली येते. हीच युक्ती सीरिया-लेबनॉनमध्ये शवर्मा झाली. १९२२-२३ मध्ये आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, उखडले गेलेले ग्रीक ती ग्रीसला घेऊन गेले, तर मध्यपूर्वेतल्या स्थलांतरितांमुळे ती मेक्सिकोतल्या पुएब्लापर्यंत पोचली.

हा झाला दुकानाचा इतिहास. घरचा निराळा आहे, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. सीरिया-लेबनॉनकडे रोटी गल्लीतल्या भट्टीत भाजली जायची. घरच्या बायका खिमा, कांदा, मसाला कालवून भट्टीवर पाठवायच्या आणि भट्टीवाला तो कणकेवर पसरून भाजून द्यायचा. अरायेस त्याच घरगुती वळणाचं: कच्चा खिमा पिटाच्या खिशात पातळ थापायचा, वरून तेलाचा हात फिरवायचा आणि निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दाबून भाजायचा. आतली चरबी रोटीतच मुरते, कडा कुरकुरीत होतात. घरात सळई नसताना शवर्माची नक्कल करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

खिसा तयार होतो तो फुलक्यासारखाच. यीस्टची, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी २५० अंशांच्या ओव्हनमध्ये गेली की दोन्ही पापुद्रे आधी धरतात, मधली वाफ त्यांना सुटं करते. ग्रीक पिटाला मात्र खिसा नसतो. ती गुंडाळून खातात.

यात मुंबईचाही वाटा आहे. इराक आणि इस्राएलमध्ये शवर्मावर ‘अंबा’ घालतात: हळद-मेथी घातलेलं कैरीचं आंबट लोणचं. मुंबईत व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंमार्फत ते इराकात पोचलं, आणि १९५०-५१ मध्ये तिथले ज्यू इस्राएलला गेले तेव्हा सोबत गेलं. कोकराच्या मांसाचा चरबट उग्रपणा मेथीच्या कडवटपणाने छान कापला जातो. घरच्या अरायेससोबत आपलं कैरीचं लोणचं, तेल निथळून आणि बारीक वाटून, जरूर घ्यावं.