प्रेशर सोळा, तरी काचबिंदू?

तलावपाळीला सकाळी आमच्यासोबत फिरणारे एक काका परवा वैतागले होते. "डोळ्याचं प्रेशर सोळा आलं. एकदम नॉर्मल! आणि वर म्हणतात काचबिंदू आहे!"

10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याच्या आत दाब असला की आपण सुटलो, असं बहुतेकांना वाटतं. पण काचबिंदू म्हणजे वाढलेला दाब नव्हे, तर डोळ्यामागची नस सुकत जाणं. दाब हे त्याचं मोठं कारण, एकमेव नाही.

ही नस म्हणजे दहा-बारा लाख धाग्यांची जुडी. डोळ्यातून बाहेर पडताना ती चाळणीसारख्या पडद्यातून जाते आणि तिथे रक्त पोचवतात केसासारख्या धमन्या. बागेतल्या पाइपावर कुणी पाय ठेवला की धार बारीक होते ना? डोळ्यातला दाब म्हणजे तो पाय. रक्ताच्या जोरातून तो वजा करायचा. उरेल त्यावर नस जगते.

हिशोब करूनच बघू. बीपी 120/80 म्हणजे सरासरी 93 (खालच्या आकड्यात दोन्हींमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा). बसलेल्या माणसात डोळ्यापर्यंत चढताना त्याचा ढोबळमानाने दोन तृतीयांश उरतो, 62. वजा 16, राहिले 46. आता बीपी 90/60 धरा. सरासरी 70, दोन तृतीयांश 47, वजा 16, राहिले 31. नसेचा शिधा तिसऱ्या हिश्शाने घटला. डोळ्याचं यंत्र मात्र दोन्ही वेळा सोळाच दाखवणार!

निरोगी धमन्या रुंदावून ही तूट भरून काढतात. काहींच्या धमन्यांना ते जमत नाही. थंडीत बोटं गार पडणारी, मायग्रेनवाली मंडळी यात बरीच सापडतात. (नस आधी सुकते की रक्त आधी आटतं, यावर तज्ज्ञांचा वाद अजून चालूच आहे.)

खरी गोम रात्रीची. झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरतं आणि आडवं झाल्यावर डोळ्यातला दाब उलट चढतो. त्यात बीपीची गोळी रात्री घेतली, तर उतार आणखी खोल जाऊ शकतो. काका रात्रीच घेतात. म्हणून तर डॉक्टरांनी चोवीस तास दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र सांगितलं. गोळी मनानेच बंद करणं हा मात्र उपाय नाही, त्याने पक्षाघात ओढवू शकतो. डोळ्यातला दाब उतरवणारे थेंबही चुकवायचे नाहीत. सोळाचे अकरा झाले तरी वजाबाकीत पाच हाती लागतात.

गटातल्या एकाने लगेच डोळ्यात मध घालायला सांगितलं. दुसऱ्याने शीर्षासन, "डोक्याकडे रक्त जातं" म्हणून. जातं खरं, पण त्या आसनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. काका ते गेली वीस वर्षं रोज करतायत, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून त्यांनीही सांगितलेलं नाही.